उच्च कंप्रतेचा दाबवर्धक : आकारमान आणि ऊर्जाव्यय

एकदिश विद्युत्‌दाब वाढविण्यासाठी रोहित्राचा सरळ उपयोग करता येत नाही. त्यास बदलता प्रवाहच लागतो. ही अडचण दाबवर्धक परिवर्तक दूर करतो. वेटोळे, स्विच, डायोड व धारित्र हे त्याचे मुख्य घटक होत. स्विच संवाहक असता उगमाची ऊर्जा वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रात साठते. स्विच खंडित होताच वेटोळे आपला प्रवाह चालू ठेवू पाहते आणि उगमाच्या दाबात स्वतःच्या दाबाची भर घालून डायोडमार्गे धारित्रास व भारास प्रवाह पुरविते. आवर्तकालाच्या ज्या अंशात स्विच संवाहक असतो त्यास संवहनांश म्हटल्यास, आदर्श परिवर्तकातील निर्गम दाब आगम दाबास (१ − संवहनांश) या राशीने भागून मिळतो.

उदाहरणार्थ, ५ व्होल्टपासून १२ व्होल्ट दाबाने ०.५ अँपिअर प्रवाह हवा आहे असे मानू. ऊर्जाव्यय तूर्त वगळता संवहनांश ०.५८ आणि वेटोळ्यातील सरासरी प्रवाह १.२ अँपिअर येतो. या प्रवाहातील चढउतार ०.४ अँपिअर राखावयाचा, तर १०० किलोहर्ट्‌झ कंप्रतेस सुमारे ७३ मायक्रोहेन्रीचे वेटोळे लागते. १ मेगाहर्ट्‌झला ७.३ मायक्रोहेन्री पुरतात. साठवावयाची ऊर्जा दशांशावर आल्याने गाभाही लहान होतो. मात्र १.४ अँपिअर या शिखर-प्रवाहासही तो संपृक्त होता कामा नये. निर्गम दाबातील चढउतार ५० मिलिव्होल्टच्या आत ठेवण्यास लागणारे धारित्रही ५८ वरून ५.८ मायक्रोफॅरडवर येते. तथापि अनेक सिरॅमिक धारित्रांची धारिता एकदिश दाबाखाली बरीच घटते. म्हणून छापील मूल्यावर विसंबू नये.

हा लाभ विनामूल्य नसतो. स्विचच्या प्रत्येक अवस्थांतरात दाब व प्रवाह क्षणभर एकत्र नांदतात. एका आवर्तनातील दोन्ही अवस्थांतरांस मिळून २० नॅनोसेकंद लागत असतील, तर १ मेगाहर्ट्‌झला सुमारे ०.१४ वॅट उष्णतेत जातो. ५ मेगाहर्ट्‌झला हाच व्यय ०.७२ वॅट, म्हणजे ६ वॅट निर्गम शक्तीच्या १२ टक्के होतो. गाभ्यातील व्यय त्याखेरीज. शिवाय आकारमान घटले की उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभागही घटतो. म्हणजे जी कंप्रता मंडल लहान करते, तीच एका मर्यादेपलीकडे त्यास तापवून पुन्हा मोठे करावयास लावते.

घटकांची मांडणीही तितकीच महत्त्वाची आहे. स्विच, डायोड व निर्गम धारित्र यांच्या वळशातील प्रवाह एकाएकी बदलतो. त्या वळशात १० नॅनोहेन्री इतकी प्रवर्तकता राहिली आणि १.४ अँपिअर प्रवाह १० नॅनोसेकंदांत बदलला, तरी स्विचवर १.४ व्होल्टचा अधिक दाब उमटतो. म्हणून हे तीन घटक प्रथम एकमेकांजवळ बसवावेत. वेटोळ्याची जागा त्यानंतर ठरवावी.

सारांश, सुटसुटीत परिवर्तकाची योग्य कंप्रता म्हणजे स्विचला पेलेल ती कमाल कंप्रता नव्हे. उपलब्ध पृष्ठभागातून जेवढी उष्णता निघून जाऊ शकते, तीच तिची खरी मर्यादा होय.