आज्ञावलीचा वेग आणि वेळेची वाटणी

संगणकाची एखादी आज्ञावली किती वेगाने चालते, हा प्रश्न वरवर पाहता घड्याळाने सुटणारा आहे. प्रारंभीची वेळ अखेरच्या वेळेतून वजा केली की उत्तर मिळते. परंतु हे उत्तर जितके सोपे तितकेच अपुरे असते. आज्ञावली ही अनेक लहान-मोठ्या भागांची बनलेली असते; त्यांपैकी कोणत्या भागाने किती वेळ घेतला हे कळल्यावाचून तिचा वेग वाढविता येत नाही आणि दोन आज्ञावलींची न्याय्य तुलनाही करता येत नाही. वेळेच्या या वाटणीचे मोजमाप हे आता संगणकशास्त्राचे एक नित्याचे अंग झाले आहे.

एका घरगुती उदाहरणाने हा विषय स्पष्ट होईल. रायपूर येथील चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. त्या परिसरातील एखाद्या मराठी घरी होळीच्या दिवशी तीस पुरणपोळ्या करावयाच्या आहेत आणि सर्व कामे एकापाठोपाठ एक होतात, अशी कल्पना करू. डाळ शिजण्यास ५० मिनिटे, पुरण आटवून वाटण्यास ३०, कणीक मळण्यास १० आणि पोळ्या लाटून भाजण्यास ९० मिनिटे लागली, तर एकूण वेळ १८० मिनिटे होतो. कणीक मळण्याचे काम यंत्राने निम्म्या वेळात झाले, तर वाचतात केवळ ५ मिनिटे. दोन तवे मांडून लाटणे-भाजणे निम्म्या वेळात झाले, तर ४५ मिनिटे वाचतात. सुधारणेचा लाभ ती किती मोठी आहे यापेक्षा ती कोठे केली यावर अवलंबून असतो. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये संगणकाच्या संदर्भात मांडलेल्या नियमाचे सार हेच आहे.

याच उदाहरणातून मोजमापातील आणखी एक भेद दिसतो. घड्याळाप्रमाणे १८० मिनिटे गेली, पण डाळ शिजत असताना हात मोकळे होते. हातांचे प्रत्यक्ष काम १३० मिनिटांचेच झाले. संगणकातही घड्याळाचा वेळ आणि प्रक्रियकाने प्रत्यक्ष कामात घालविलेला वेळ हे दोन भिन्न वेळ आहेत. तबकडीवरील माहितीची वाट पाहण्यात गेलेला काळ पहिल्यात मोडतो, दुसऱ्यात नव्हे. वेगाविषयी दावा करताना यांपैकी कोणता वेळ अभिप्रेत आहे हे सांगितले नाही, तर आकडा असूनही अर्थ संदिग्ध राहतो.

भागांचा वेळ मोजण्याच्या मुख्य रीती दोन आहेत. पहिली गणनेची. प्रत्येक भागाच्या आरंभी व अंती नोंद ठेवावयाची, म्हणजे तो किती वेळा चालला आणि त्याला किती वेळ लागला हे कळते. मात्र नोंद ठेवण्यातही वेळ जातो, आणि भाग फार लहान असेल तर मोजणेच मोजमापाला बिघडविते. दुसरी रीत नमुन्याची. दर मिनिटाला स्वयंपाकघरात डोकावून त्या क्षणी कोणते काम चालले आहे एवढेच टिपले, तर १८० नोंदींपैकी सुमारे ९० नोंदी लाटण्या-भाजण्याच्या असतील. संगणकात अशी डोकावणी सेकंदाला शेकडो वेळा करता येते आणि तिचा भारही थोडा पडतो. मात्र क्वचित घडणारी गोष्ट तिच्यातून निसटू शकते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड कनुथ यांनी १९७१ मध्ये फोरट्रान भाषेतील आज्ञावलींचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी लागणाऱ्या संहितांपैकी काही रद्दीच्या टोपल्यांतून जमविलेल्या होत्या, ही गोष्ट हस्तलिखितांच्या शोधकांस परकी वाटणार नाही. आज्ञावलीचा चार टक्क्यांहून कमी भाग सामान्यतः निम्म्याहून अधिक वेळ घेतो, असे त्यांना आढळले. पुढे १९८२ मध्ये बर्कली येथील ग्रॅहम, केसलर आणि मॅक्‌क्युसिक यांनी ‘जीप्रॉफ’ हे साधन सिद्ध केले. त्याने केवळ वेळ कोठे गेला एवढेच नव्हे, तर तो कोणाच्या मागणीवरून गेला हेही दाखविले. ज्ञानेश्वरीची शब्दसूची करणारी आज्ञावली घेतली, तर बहुतेक वेळ दोन शब्दांची तुलना करण्यात गेल्याचे दिसेल. परंतु दोष तुलनेचा नसून, शब्द अकारविल्हे लावताना ती गरजेहून अधिक वेळा करविणाऱ्या भागाचा असू शकेल.

या वाटणीवर मोठा शास्त्रीय वाद कसा अवलंबून राहतो, हे नरेंद्र करमरकर यांच्या उदाहरणावरून दिसते. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले आणि मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले करमरकर १९८४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होते. त्यांनी त्या वर्षी लिनिअर प्रोग्रॅमिंग, म्हणजे रेषीय नियोजन, या क्षेत्रातील प्रश्नांसाठी नवी पद्धती प्रसिद्ध केली. छत्तीसगडातील अनेक गिरण्यांतून अनेक शहरांना तांदूळ धाडावयाचा आहे. प्रत्येक गिरणीचा साठा आणि प्रत्येक शहराची गरज ठरलेली आहे. अशा वेळी एकूण वाहतूकखर्च कमीत कमी कसा ठेवावा, हा अशा प्रश्नाचा नमुना होय. जॉर्ज डँटझिग यांची १९४७ ची ‘सिंप्लेक्स’ पद्धती शक्य योजनांच्या बहुपैलू आकृतीच्या कडेकडेने एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे जाते. करमरकरांची पद्धती आकृतीच्या अंतरंगातून वाट काढते.

मोठ्या प्रश्नांवर नवी पद्धती जुनीहून पन्नास पट वेगवान असल्याचा दावा झाला आणि १९ नोव्हेंबर १९८४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही वार्ता पहिल्या पृष्ठावर छापली. परंतु इतर संशोधकांनी स्वतः रचलेल्या आज्ञावलींत तो वेग दिसेना. याचे कारण वेळेच्या वाटणीत होते. सिंप्लेक्सची पावले पुष्कळ, पण प्रत्येक पाऊल हलके. करमरकर पद्धतीची पावले थोडी, पण प्रत्येक पाऊल जड. त्या प्रत्येक पावलात समीकरणांचा एक प्रचंड संच सोडवावा लागतो आणि बहुतेक वेळ त्यातच जातो. या समीकरणांच्या सारणीतील बहुतांश आकडे शून्य असतात. त्या शून्यांचा लाभ ज्या कौशल्याने घ्यावा, त्यानुसार एकच पद्धती मंद किंवा शीघ्र ठरते. बेल प्रयोगशाळेने तर हाच तपशील उघड केला नव्हता. १९८८ मध्ये पद्धतीस पेटंट मिळाले, आणि त्याच सुमारास ‘कॉर्बएक्स’ ही प्रणाली आठ प्रक्रियकांच्या समांतर संगणकासह ८९ लाख डॉलरना विक्रीस आली. अशा यंत्रावरील वेगात पद्धतीचा वाटा किती आणि यंत्राचा किती, हे एकूण वेळेवरून सांगणे अशक्यच होते.

या कोंडीतून वाट निघाली ती उघड मोजमापामुळे. १९८५ मध्ये डेव्हिड गे यांनी सर्वांना उपलब्ध होतील असे प्रश्न-नमुने प्रसृत केले, आणि १९८९ मध्ये ॲडलर, करमरकर, रेसेंदे व व्हेइगा यांनी आपल्या आज्ञावलीची रचना वर्णून अशा नमुन्यांवरील वेळा छापल्या. स्पर्धेमुळे सिंप्लेक्सच्या आज्ञावलीही पुष्कळ सुधारल्या. आज दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. काही प्रश्नांत एक शीघ्र ठरते, काहींत दुसरी. करमरकरांच्या शोधाचे मोल याने उणावले नाही. उलट ते कोठे आहे हे निश्चित झाले.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत-आवृत्तीत स्वीकृत संहितेच्या खाली पाठभेद छापलेले आहेत. संपादकाचा निर्णय अमान्य करण्याची सामग्री त्याच पृष्ठावर वाचकाच्या हाती ठेवलेली आहे. आज्ञावलीच्या भागशः वेळांचे कोष्टक हेच कार्य करते. एकूण वेळेचा आकडा वाचकाकडे विश्वास मागतो. भागांची वाटणी त्याला तो आकडा तपासू देते. साहित्यसंशोधनातही संगणकीय शब्दगणना आणि संहितातुलना आता रूढ होत असताना, आकड्यासोबत त्याची वाटणीही मागण्याची सवय अभ्यासकांनी लावून घेणे अगत्याचे आहे.