मार्मी रोज चिडायची

एक बहीण दुसरीची वही जाळते. कितीतरी वर्षं खपून लिहिलेल्या गोष्टींची, दुसरी प्रतच नसलेली वही. कारण काय, तर थोरल्या दोघी नाटकाला गेल्या आणि धाकटीला नेलं नाही. मग जिची वही जळली ती नदीवर स्केटिंगला जाते. धाकटी मनधरणी करायला तिच्या मागोमाग. मध्यावरचा बर्फ पातळ आहे, हे पुढच्या बहिणीच्या कानावर आलेलं असतं. पण मागे वळून ती धाकटीला ते सांगत नाही. बर्फ फुटतो आणि धाकटी थेट गारठलेल्या पाण्यात!

गुन्हेकथा वाटली ना? मुलींच्या वाढदिवसाला आपण डोळे मिटून देतो, त्या पुस्तकातला हा प्रसंग आहे. लुइझा मे अल्कॉटचं ‘लिटल विमेन’, म्हणजेच शांता शेळके यांनी मराठीत आणलेलं ‘चौघीजणी’. मेग, जो, बेथ, एमी आणि त्यांची आई मार्मी. वाचून वर्षं लोटली की आठवतो तो नाताळ, स्वतःचा नाश्ता गरिबांना देऊन टाकणाऱ्या मुली, शेकोटीभोवतीची ऊब. मग या उबेत जळकी वही आणि फुटका बर्फ आले कुठून?

त्यासाठी पुस्तकाच्या जन्मापाशी जायला हवं, आणि तिथेच पहिला धक्का बसतो. हे पुस्तक लेखिकेला लिहायचंच नव्हतं! १८६८ साल. बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स प्रकाशनाच्या थॉमस नाइल्सने लुइझाकडे मुलींसाठी पुस्तक मागितलं. ती पस्तिशीची, अविवाहित. शिवणकाम, शिकवण्या, टोपणनावाने लिहिलेल्या थरारकथा, मिळेल त्या मार्गाने घर चालवणारी. तिने रोजनिशीत कुरकुर नोंदवली : मुली मला कधी आवडल्या नाहीत, आणि माझ्या बहिणी सोडल्या तर फारशा माहीतही नाहीत. आता ज्या विषयातलं ठाऊकच नाही, त्यावर माणूस काय लिहिणार? तिने घरातल्याच बहिणी उचलल्या. ॲना झाली मेग, एलिझाबेथ झाली बेथ, धाकटी मे झाली एमी आणि लुइझा स्वतः जो. पहिली प्रकरणं नाइल्सला नीरस वाटली, तिलाही वाटली. पण नाइल्सच्या भाचीला मात्र ती फार आवडली! मे महिन्यात हाती घेतलेला पहिला भाग जुलैच्या मध्याला लिहून झाला, सप्टेंबरअखेर बाजारात आला आणि दोन हजार प्रतींची आवृत्ती बघता बघता संपली.

आता त्या बर्फाच्या प्रकरणाची बांधणी बघा. एमी वाचते. रात्री जो आईपाशी रडते : माझा हा राग मला कुठे नेणार आहे? मुलींच्या पुस्तकातल्या आईने इथे काय करावं अशी अपेक्षा असते? उपदेश. मार्मी मात्र कबुली देते. तुझ्यासारखाच राग माझाही आहे, चाळीस वर्षं त्याच्याशी झगडते आहे, तो गेलेला नाही, फक्त आवरता येतो; मी जवळजवळ रोज चिडते. जो थक्क होते. मग तिला आठवतं, की आई कधीकधी ओठ घट्ट मिटून खोलीबाहेर निघून जाते. लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेल्या त्या मिटल्या ओठांचा अर्थ तिला त्या रात्री लागतो!

किती धाडसाचं आहे हे! आईचं नाक, आईची उंची मुलीत उतरते, तसा आईचा संतापही उतरतो, असं हे मुलांचं पुस्तक सरळ सांगतं. आणि मार्मीला राग आवरायला शिकवलं कुणी? नवऱ्याने. तिचा तोल जातोय असं दिसलं की तो ओठांवर बोट ठेवायचा. आजच्या वाचकाला इथे ठेच लागते. लुइझा त्यावर एक शब्दही न बोलता पुढे जाते. ते बोट तेवढं आपल्याला दाखवून ठेवते.

कारण खऱ्या घरात रागाला कारणं ढीगभर होती. वडील ब्रॉन्सन अल्कॉट तत्त्वज्ञ, विचारांनी श्रीमंत, खिशाने कायम रिकामे. १८४३ साली त्यांनी कुटुंबाला फ्रूटलँड्स नावाच्या प्रयोगात नेलं. आदर्श समाज घडवायचा होता. मांस नाही, दूध नाही, गुलामांच्या कष्टाने पिकतो म्हणून कापूसही नाही. आदर्शांचं पोट भरायला राबत होती ती आई, ॲबिगेल. हिवाळा आला, धान्य संपत आलं आणि नवरा-बायको वेगळे होणार की काय, अशी वेळ आली. अकरा वर्षांच्या लुइझाने तेव्हा रोजनिशीत लिहिलं, की मी रडले आणि आम्हाला एकत्र ठेव असं देवाला म्हटलं. या घरात आई आणि मुलगी एकमेकींच्या रोजनिशा वाचत असत. आई लुइझाच्या वहीत चिठ्ठ्यासुद्धा लिहून ठेवायची. म्हणजे मार्मीची कबुली कल्पनेच्या हवेतून आलेली नाही.

मग पुस्तकातले वडील कुठे आहेत? अमेरिकेच्या यादवी युद्धावर! अख्ख्या पहिल्या भागात ते जवळजवळ गैरहजर, म्हणून घर बायकांचं होतं आणि भांडणंही त्यांची त्यांनाच मिटवावी लागतात. पुस्तकात वडील आजारी पडतात आणि आई वॉशिंग्टनला धावते. प्रत्यक्षात युद्धाच्या इस्पितळात परिचारिका म्हणून गेली होती लुइझा. तापाने मरणाच्या दारात पोचली तीच, आणि तिला आणायला गेले वडील. भूमिकांची किती बेमालूम अदलाबदल!

बहिणींच्या हेव्यातही हेच कौशल्य. जो युरोपची स्वप्नं बघते, पण फटकळपणे बोलून संधी घालवते. नातेवाईक बाई गोड बोलणाऱ्या एमीला घेऊन जातात. खऱ्या आयुष्यात मे सुदैवी आहे, तिला हवं ते मिळतं, अशी लुइझाची भावना होतीच. पण पुढचं ऐका. पुस्तकात जी वही जाळते, त्या एमीची मूळ व्यक्ती असलेल्या मेनेच पहिल्या आवृत्तीची चित्रं काढली. पुस्तकाच्या पैशांतून लुइझाने तिला युरोपात चित्रकला शिकायला पाठवलं. १८७७ साली मेचं चित्र पॅरिसच्या ‘सलों’ या चित्रप्रदर्शनात लागलं. जिचा हेवा वाटला, तिच्या स्वप्नाचं बिल त्याच हेव्याच्या गोष्टीने भरलं!

आणि तरी सगळ्यात मोठं आश्चर्य अजून पुढेच आहे. मेने एका स्विस तरुणाशी लग्न केलं. नोव्हेंबर १८७९ मध्ये तिला मुलगी झाली आणि तिने नाव ठेवलं लुइझा. काही आठवड्यांत मे वारली. पॅरिसहून तार आली ती शेजारी राहणाऱ्या इमर्सनच्या नावे, म्हणजे बातमी कुणीतरी हळुवारपणे सांगेल. मेची शेवटची इच्छा होती, की बाळ लुइझाने वाढवावं. सप्टेंबर १८८० मध्ये बॉस्टनच्या धक्क्यावर जहाज लागलं आणि ‘मार्मार’ असं काहीसं पुटपुटत ते बाळ मावशीकडे आलं. आईपणाची गोष्ट लिहिणारी, स्वतः लग्न न केलेली लेखिका सत्तेचाळिसाव्या वर्षी आई झाली, तीही एमीच्या लेकीची!

दरम्यान पुस्तकातल्या आईचंही काहीतरी होत होतं. पहिल्या आवृत्तीत मार्मी अंगाने जाडसर, दिसायला सामान्य. १८८० च्या सुमाराला नवी, गुळगुळीत केलेली आवृत्ती निघाली. तिच्यात मार्मी उंच आणि रुबाबदार झाली. पुढची कित्येक वर्षं बहुतेक वाचकांनी वाचली ती हीच. मात्र रोज चिडण्याची कबुली कुणी काढली नाही.

आणि ॲबिगेलच्या खऱ्या रोजनिशा? त्यांतल्या बऱ्याच लुइझाने नष्ट केल्या, आईचीच तशी इच्छा होती म्हणून. वही जळण्याचं दुःख जगाला सांगणारीने आईच्या वह्या आपल्या हाताने संपवल्या! त्यातूनही वाचलेले काही कागद २०१२ साली छापून आले, आणि मार्मीमागची बाई आपल्याला तिच्या स्वतःच्या शब्दांत थोडी तरी ऐकू आली.

एवढा राग असूनही हे पुस्तक कडू का झालं नाही? माझ्या मते, राग होता म्हणूनच. गोड दुधात चमचाभर आंबट विरजण पडतं, तेव्हाच घट्ट दही लागतं. नुसतं दूध ठेवलं तर नासतं. लुइझाने चौघींना चांगलं असण्यातून सूट दिली नाही, आणि चिडण्यातूनही नाही. आईला तिने देवी केलं नाही. म्हणूनच त्यांनी एकमेकींना माफ केलं की आपला त्यावर विश्वास बसतो.

तेव्हा कपाटातलं ‘चौघीजणी’ खाली काढा. एमी वही जाळते तिथून वाचायला घ्या आणि आई बोलून संपेपर्यंत थांबू नका. घरात लेक असेल तर ते पान तिला मोठ्याने वाचून दाखवा, आणि आपल्यालाही राग येतो हे तिला एकदा सांगून टाका.