तळ्यावरची जुम्मा मशीद

शेख मेमन स्ट्रीटवर कापडाचे तागे, हातगाड्या आणि गिऱ्हाइकांच्या रेट्यात मुंबईची जुम्मा मशीद चटकन ओळखू येत नाही. तिच्या बाहेरच्या अंगाला दुकानांचे गाळे आहेत. त्यामुळे भिंतही बाजाराचीच वाटते. नमाजाची दिशा पश्चिमेची, म्हणून मुख्य दरवाजा पूर्वेला. त्यातून आत शिरलं की आधी पाणीच लागतं: दगडी पायऱ्यांचं जुनं तळं. तळाशी जिवंत झरे, पाण्यात मासे. नमाजापूर्वीचा वजू, म्हणजे हातपाय-तोंड धुणं, इथेच.

ही मशीद तळ्याच्या काठावर नाही, थेट तळ्यावर उभी आहे. आधीची जुम्मा मशीद एस्प्लनेडवर होती, ती १७७० च्या सुमारास पाडली गेली. नवी जागा मिळाली ती एका हिंदू व्यापाऱ्याची. बागा आणि मोकळ्या जमिनीच्या मधोमध मोठं तळं होतं. १७७५ मध्ये त्याने मशिदीला परवानगी दिली, पण अट घातली की तळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. मग पाण्यावरच एकमजली इमारत उभारली गेली. काम पुरं व्हायला १८०२ उजाडलं. बांधकामाचं साल नोंदवणारे शब्दही तसेच निवडले: ‘जहाज-ए-आखिरत’, म्हणजे परलोकीचं जहाज. अरबी अक्षरांच्या ठरलेल्या किमतींची बेरीज केली की १२१७ हे हिजरी साल निघतं. समुद्रावर व्यापार करणाऱ्या कोकणी मुसलमानांच्या मशिदीला याहून चपखल नाव सुचलं नसतं.

वरचा मजला पुढे चढला, लाकडी खांबांच्या रांगांवर. त्या खांबांत धर्मग्रंथ ठेवायला कोनाडे केले आहेत. कारागिरीचा कस मात्र खाली पाण्यात दिसतो. सगळा भार तळ्यातून वर आलेल्या काळ्या दगडाच्या सोळा कमानींनी पेलला आहे. या कमानी १८७४ मधल्या. घुमट-मिनार पाहायला येणाऱ्याने आधी इथे वाकून पाहावं, असं मला वाटतं.

१८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने आलं आणि मुंबईच्या तळ्यांची गरज सरत गेली. पुढे हिवतापाच्या डासांचीही धास्ती वाढली. धोबी तलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक ही आता नुसती पत्त्यातली नावं. हाकेच्या अंतरावरचं मुंबादेवीचं तळंही बुजलं. जुम्मा मशिदीचं तळं बुजवायचं, तर आधी मशीदच उतरवावी लागली असती.