गुगलवर आपली ज्वारी का दिसत नाही?

आज पिकाचा सल्ला नाही. बऱ्याच सभासदांनी विचारलं, "कंपनीची वेबसाइट आहे, मग ज्वारी शोधल्यावर आपलं नाव का येत नाही?" प्रश्न रास्त आहे. फेब्रुवारीत काढणी सुरू झाली की पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक थेट आलं नाही, तर माल परत आडतीलाच जाणार.

मी आपलं पान उघडून बघितलं. शीर्षक काय, तर "उत्पादन 3". आत "उत्तम दर्जाची कृषी उत्पादने" असं मोघम वाक्य, आणि भाव व पोत्याचं वजन एका फोटोत. गिऱ्हाईक टाइप करतं "मालदांडी ज्वारी", "शाळू", "मंगळवेढ्याची ज्वारी". यातला एकही शब्द पानावर नव्हता! गुगल मुख्यतः लिहिलेल्या मजकुरावरून ओळखतं की पान कशाबद्दल आहे. म्हणून शीर्षक बदललं: "मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी (शाळू), थेट शेतकऱ्यांकडून". भाव आणि वजन आता अक्षरांत लिहिलंय. फोटो हलके केले, कारण मोबाइलवर पान उघडायला वेळ लागला की माणूस परत जातो. (भौगोलिक मानांकनाचा लोगो मात्र ज्यांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी आहे त्यांनीच वापरायचा, हे विसरू नका.)

तोच शब्द वीस वेळा लिहू का, असं एकानं विचारलं. नको. युरिया जास्त झाला की पीक लोळतं, तसंच हे. गुगल त्याला फसवणूक समजतं.

खरी चूक वेगळीच निघाली. गुगलच्या सर्च कन्सोल या मोफत साधनात बघितलं, तर लोक येतायत ते आपल्या जुन्या लेखावर, "भाकरी का तुटते?". पण त्या लेखातून ज्वारीच्या पानावर जायला वाटच नाही. चारी भरून वाहतेय आणि वाफ्याला दार फोडलेलं नाही, अशी गत. आता त्या लेखात, हुरड्याच्या पानावर आणि पहिल्या पानावर ज्वारीच्या पानाची लिंक दिली. लिंकवर "इथे क्लिक करा" न लिहिता "मालदांडी ज्वारीचा आजचा भाव" असं लिहिलं. त्यावरून माणसालाही कळतं आणि गुगललाही, की पुढे काय आहे. एकाही पानावरून लिंक नसलेलं पान गुगलला सापडणंच अवघड.

फरक दिसायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. म्हणून काढणीच्या आधीच हात घातला. रोज स्वतः शोधून आपल्याच पानावर क्लिक करत बसू नका, त्यानं नंबर वर जात नाही. आणि "पहिला नंबर देतो, इतके पैसे भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलनं स्वतः सांगितलंय. पैसे देऊन वर येते ती जाहिरात, ती वेगळी गोष्ट.

तुमच्याकडून एवढंच हवंय: तुमची जमीन कशी, पेरणी कधी केली, पाणी दिलं की नुसत्या ओलीवर पीक आणलं, घरात भाकरी कशी होते. लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉइस मेसेज चालेल, गिऱ्हाईक समोर बसलंय असं समजून बोला. सोबत शेताचा एक आडवा फोटो. रविवारपर्यंत याच नंबरवर पाठवा.