ओढू नका, वाट बघा

तोक्योच्या एदोगावा वॉर्डातलं निशी-कासाई म्हणजे आम्हा भारतीयांची वस्तीच. संध्याकाळी मुलाला अंघोळ घालणं हे आमच्या घरी माझं काम. तो नऊ महिन्यांचा असताना साताऱ्याहून आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "अरे, त्याची शूची जागा तेल लावून मागे ओढतोस ना? आपल्याकडे मालिशवाली बाई रोज ओढायची." मी ओढली, जरा जोरातच. बाळ किंचाळलं आणि टॉवेलवर रक्ताचा ठिपका दिसला. हात-पाय गारच पडले माझे.

जपानमध्ये लहान मुलांसाठी शार्प ८००० हा फोन नंबर आहे. दवाखाने बंद असताना नर्स किंवा डॉक्टर सल्ला देतात. त्यांनी धीर दिला. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी कागदावर चित्र काढून समजावलं.

जन्मतः शिश्नाचं टोक आणि वरची त्वचा आतून एकमेकांना चिकटलेली असते. हा आजार नव्हे. मूल वाढतं तसे आतल्या पेशी झडतात आणि थर हळूहळू सुटे होतात. त्वचेखाली कधीकधी पांढऱ्या मोत्यासारख्या गाठी दिसतात, त्या झडलेल्या पेशींच्याच, पू नव्हे. जबरदस्तीने ओढलं तर जखम होते, व्रण धरतो आणि मग खरोखरच तोंड आवळतं.

१९४९ मध्ये ब्रिटिश डॉक्टर डग्लस गेर्डनर यांनी दाखवलं, की नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्क्यांची त्वचा मागे सरकते. जपानमध्ये ६०३ मुलांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६ महिन्यांच्या एकाही बाळाची त्वचा पूर्ण मागे जात नव्हती; ११ ते १५ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ६२.९ टक्के होतं. म्हणजे घाई कसली?

करायचं एवढंच: बाहेरून कोमट पाण्याने धुवायचं. पुढे त्वचा सहज सरकू लागली, की मुलाने स्वतः मागे घेऊन धुवायची आणि आठवणीने पुन्हा पुढे आणायची. सूज, लाली, पू, ताप, लघवीला जळजळ किंवा अगदी बारीक धार असेल तर डॉक्टर गाठा. गरज पडल्यास ते काही आठवडे स्टेरॉइडचं मलम देतात. शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते. मागे गेलेली त्वचा तिथेच अडकली तर मात्र तातडीने दवाखान्यात न्या. सुंता झालेल्या बाळांतही त्वचा पुन्हा चिकटू शकते. तिथेही घरी ओढाताण नको, डॉक्टरांना विचारा.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तूही असाच किंचाळायचास रे. आम्हाला वाटायचं, तेल गार असेल."