झाकली मूठ आणि एक सही

जव्हारहून वीसेक किलोमीटर गेलं की दाभोसा लागतं. पावसाळ्यात इथला लेंडी नदीचा तीनशे फुटांचा धबधबा बघायला गाड्यांची रीघ लागते. मी मात्र जाते ती बचत गटाच्या वह्या बघायला. गेल्या भातकापणीनंतरची गोष्ट. बैठक संपली, बायका उठल्या, पण एक मावशी मागे रेंगाळली. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "ताई, कणगीत भाताखाली थोडे पैसे ठेवलेत. घरात कोणाला माहीत नाही. नवऱ्याने वीटभट्टीची उचल घेतली आणि आता तो आजारी पडलाय. मुकादम म्हणतो, केस करीन, भांडीसुद्धा उचलून नेईन. खरंच नेतील का?"

मी तिला पुन्हा खाली बसवलं. कारण हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी मलाही पडला होता आणि त्याने माझी झोप उडवली होती.

शेजारणीच्या कर्जाला मी जामीनदार म्हणून सही केली होती. "नुसती सही तर हवी आहे," ती म्हणाली आणि मी केली. तिचे हप्ते थकले आणि एक दिवस माझ्याच नावाची नोटीस दारात आली. त्या रात्री मी पाटल्या आणि गोफ डब्यात भरून बहिणीकडे पाठवून दिले. दीर म्हणाले, "वहिनी, घराचं मुलाच्या नावाने बक्षीसपत्र करून टाका. मग कोण काय करतंय बघू." मला ते पटलंही होतं! नशीब, सही करण्याआधी ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "लपवणं वेगळं आणि जपणं वेगळं."

आपल्याकडे म्हणतातच, झाकली मूठ सव्वा लाखाची. शेजारपाजार, नातेवाईक, गावातली चौकशीखोर माणसं यांच्यापुढे मूठ झाकलेलीच बरी. आपल्या नावावर किती ठेव आहे, अंगावर किती तोळे आहेत, हे कोणाला सांगायची गरज नाही. बँकेलाही ग्राहकाची माहिती गुप्त ठेवावी लागते. पण कोर्टापुढे मूठ झाकता येत नाही. आपल्याविरुद्ध पैशाचा हुकूमनामा झाला, तर कोर्ट मालमत्तेची यादी शपथेवर मागू शकतं. जमीन तर लपतच नाही, सातबारा आता कोणीही संगणकावर पाहू शकतो. आणि देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी घर दुसऱ्याच्या नावावर केलं, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५३ खाली ते हस्तांतरण कोर्ट रद्द ठरवू शकतं. म्हणजे घर वाचत नाही आणि वर लबाडीचा ठपका बसतो.

मग जपायचं कसं? गंमत म्हणजे बऱ्याच गोष्टी कायद्यानेच जपून ठेवल्या आहेत, आपल्याला माहीत नसतं इतकंच.

मावशीच्या भांड्यांचंच घ्या. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चं कलम ६० सांगतं की हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कर्जदाराच्या, त्याच्या बायकोच्या आणि मुलांच्या अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांवर टाच आणता येत नाही. धर्माच्या रीतीप्रमाणे बाईने अंगावेगळा करू नये असा दागिना, म्हणजे आपलं मंगळसूत्र, त्यालाही हात लावता येत नाही. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, गुरं आणि बियाणं यांनाही संरक्षण आहे. शिवाय कलम ५६ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कोणत्याही स्त्रीला अटक करता येत नाही. मुकादमाला तर परस्पर काहीच उचलून नेण्याचा अधिकार नाही. टाच आणतो तो कोर्टाचा बेलिफ, तीही कोर्टाच्या हुकमाने. उलट, उचल फिटेपर्यंत माणसाला जबरदस्तीने राबवून घेणं हाच १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे आणि वेठबिगारीचं कर्ज त्या कायद्याने रद्द होतं.

हे ऐकून मावशीचा चेहरा जरा सैलावला. मग मी तिला विचारलं, "उचल घेताना तुझा अंगठा घेतला होता का?" ती म्हणाली, "नाही." तर मग ते कर्ज तिचं नाहीच. नवऱ्याचं कर्ज, केवळ बायको आहे म्हणून, बायकोच्या स्वतःच्या पैशातून वसूल होत नाही. उद्या त्याच्या माघारी देणेकरी आले, तरी त्याच्याकडून वारशाने जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच जबाबदारी येते. मात्र आपले पैसे आपले आहेत हे दाखवता आलं पाहिजे. कणगीतल्या पैशावर कोणाचं नाव लिहिलेलं असतं?

दागिन्यांचंही तेच. माहेरहून आणि सासरहून मिळालेलं स्त्रीधन हे फक्त त्या स्त्रीचं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केलं आणि २०२४ मध्ये पुन्हा बजावलं. नवऱ्याने अडचणीत ते वापरलं तरी परत करायचं असतं. पण आपल्याकडे पावत्या असतात सासऱ्यांच्या नावाने आणि लॉकर नवऱ्याच्या नावाने! तेव्हा मैत्रिणींनो, नवीन दागिना घेताना पावती आपल्या नावाची घ्या. जुन्यांचे फोटो काढून, कोणी कधी दिलं याची यादी करून ठेवा. सामायिक खात्याबरोबर एक खातं फक्त स्वतःच्या नावाचं असू द्या. नवऱ्याच्या कर्जापायी सामायिक खातं अडकलं तर घरखर्चाला तेच उपयोगी पडतं.

धंदा करणाऱ्या घरांत आणखी एक गोष्ट विचारून घ्या. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा कायदा आहे. त्याच्या कलम ६ प्रमाणे नवऱ्याने स्वतःचा आयुर्विमा बायको-मुलांच्या लाभासाठी म्हणून घेतला, तर ती रक्कम त्यांच्यासाठीचा विश्वस्त निधी ठरते आणि नवऱ्याच्या देणेकऱ्यांना त्यावर हक्क सांगता येत नाही. १९२३ पासून हे कलम आपल्याकडे हिंदू-मुस्लिम कुटुंबांनाही लागू आहे. अट एवढीच की पॉलिसी घेतानाच तसं लिहून द्यावं लागतं आणि हेतू देणेकऱ्यांना बुडवण्याचा नसावा. आमच्या घरी तीन पॉलिसी होत्या. एकीवरही हे लिहिलेलं नव्हतं.

दाभोसा परिसरातल्या बायकांसाठी जमिनीचं सांगायलाच हवं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ 'अ' प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकणं, गहाण टाकणं किंवा भाडेपट्ट्याने देणं परवानगीशिवाय होत नाही. त्यामुळे "जागा तुझ्या नावावर घेतो, पैसे माझे, तू फक्त सही कर," असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. हा बेनामी व्यवहार. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि दंड आहे आणि ज्याच्या नावावर जागा घेतली तोही त्यात अडकतो. नवऱ्याने स्वतःच्या उघड कमाईतून बायकोच्या नावावर घेतलेली मालमत्ता मात्र बेनामी ठरत नाही.

आणि सगळ्यात शेवटी, सही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, हे करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ मध्ये लिहिलं आहे. आधी कर्जदाराला धरा, मग मला, असं म्हणता येत नाही. कोऱ्या चेकवर सही करून देणं त्याहून वाईट. कर्जापोटी दिलेला चेक वटला नाही तर फौजदारी खटला होतो, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि तिथे कलम ५६ उपयोगी पडत नाही. सोनं गहाण ठेवून कर्ज घेतलं असेल तर त्या सोन्यालाही संरक्षण नाही. पतसंस्था आणि बँका यांच्या वसुलीचे वेगळे कायदे आहेत, म्हणून नोटीस कुठल्या कायद्याखालची आहे हे आधी वाचून घ्यावं. न घेता परत पाठवू नये.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते आणि १५१०० हा मदतीचा फोन क्रमांक आहे.

माझं प्रकरण लोकअदालतीत मिटलं. हप्ते बांधून मिळाले. पाटल्या बहिणीकडून परत आणल्या आणि त्यातली एक मोडून देणं फेडलं. शेजारीण आता समोर आली तर मान वळवते. बक्षीसपत्र केलं नाही, त्यामुळे घर आजही माझ्या नावावर आहे.

परवा दाभोसा गावी गेले तेव्हा मावशीने पदराआडून नवं कोरं पासबुक दाखवलं. कणगीतले पैसे आता तिच्या एकटीच्या नावाने बँकेत आहेत. किती, ते मी विचारलं नाही.