तरुण धर्मप्रचारकाचा एक आठवडा

धर्मप्रचारक म्हटला कीं पिकलेली दाढी, गंभीर मुद्रा आणि शास्त्रांचा गाढा व्यासंग असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. मॉर्मन पंथाचा प्रचारक या चित्रांत मुळींच बसत नाहीं. तो बहुधा अठरा-वीस वर्षांचा असतो; पण छातीवरील काळ्या बिल्ल्यावर त्याच्या आडनांवाबरोबर 'एल्डर', म्हणजे 'वडीलधारा', ही पदवी असते. हें वडीलपण वयानें आलेलें नसतें. तें अंगीं आणावयाचें असतें.

जोसेफ स्मिथ यानें १८३० सालीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत हा पंथ स्थापन केला. त्याचें मुख्य ठाणें आतां युटा राज्यांतील सॉल्ट लेक सिटी येथें आहे. तरुणांनीं दोन वर्षें घर सोडून प्रचारास जावें, असा पंथाचा संकेत आहे. तरुणीही अठरा महिन्यांसाठीं जातात. कोठें जावयाचें हें उमेदवार ठरवीत नाहीं, आणि त्याला वेतनही नसतें. अमेरिकन प्रचारकाच्या कुटुंबानें द्यावयाची रक्कम २०२० च्या जुलैंत दरमहा ५०० डॉलर करण्यांत आली. मुंबईकरांस हा पंथ अगदींच अपरिचित होता असें नाहीं. ह्यू फिंडले हा त्याचा प्रचारक १८५२ सालीं मुंबईस उतरला व पुढें पुण्यासही गेला.

आज असा एखादा तरुण जपानांतील फुकुओका शहरीं आहे, असें समजूं. सोमवार हा त्याचा तयारीचा दिवस. कपडे धुणें, बाजार करणें, केस कापविणें हीं कामें त्याच दिवशीं उरकावयाचीं. जपानांत सोमवारची सकाळ असते तेव्हां युटांत रविवारची संध्याकाळ असते; त्या वेळीं तो आईवडिलांशीं बोलतो. २०१९ पूर्वीं अशी मोकळीक नव्हती. आठवड्यास पत्र लिहावयाचें, आणि घरचा आवाज वर्षांतून बहुधा दोनदांच ऐकावयाचा, असा तेव्हां नियम होता.

मंगळवारपासून खरी कसोटी लागते. सकाळीं साडेसहास उठावयाचें, प्रार्थना व व्यायाम करावयाचा, मग धर्मग्रंथ आणि जपानी भाषा यांचा अभ्यास. नेमून दिलेला जोडीदार सदैव बरोबर असतो. एकट्यानें कोठेंही जावयाचें नाहीं. स्वभाव जुळले नाहींत तरी एकाच बिऱ्हाडांत राहावयाचें. त्यानंतर सायकलीवरून रस्तोरस्तीं हिंडून, अनोळखी माणसांस थांबवून, अडखळत्या जपानींत बोलावयाचें. बहुतेक लोक नम्रपणें मान लववून पुढें जातात. त्यांचेंही चुकत नाहीं. बौद्ध आणि शिंतो परंपरांत वाढलेल्या गृहस्थास परक्या मुलाकडून धर्म ऐकण्याची निकड वाटावी तरी कां? एखाद्या संध्याकाळीं इंग्रजीचा मोफत वर्ग असतो. त्याला मात्र लोक आनंदानें येतात.

कधीं एखादी वृद्धा घरांत बोलावते आणि आदरानें हिरवा चहा पुढें करते. येथें खरा पेंच पडतो. पंथास चहा, कॉफी, मद्य व तंबाखू वर्ज्य आहेत. पेला परत करावा तर आतिथ्याचा अवमान होतो, घ्यावा तर व्रत मोडतें. भाजलेल्या जवाचा चहा मात्र चालतो. तो मिळाला तर बरें होईल, असें त्याला परक्या भाषेंत आणि तिचें मन न दुखवितां सांगावें लागतें. कोणत्याही ग्रंथाच्या पाठांतरापेक्षां हें वाक्य शिकणें त्याला अधिक कठीण जातें.

रविवारीं लहानशी मंडळी उपासनेस जमते. प्रसाद म्हणून भाकर आणि मद्याऐवजीं पाणी वांटलें जातें. महिन्याच्या पहिल्या रविवारीं उपवास करून वांचलेला पैसा गरिबांसाठीं देतात.

आठवड्याचा हिशेब मांडला तर हातीं बहुधा फारसें लागलेलें नसतें. हें आजचेंच नाहीं. १९०१ सालीं हिबर ग्रँट यांच्याबरोबर जे तिघे जपानांत उतरले, त्यांतील आल्मा टेलर नुकताच एकोणीस वर्षांचा झाला होता. तो १९१० पर्यंत तेथें राहिला. त्यानें पंथाच्या मुख्य ग्रंथाचें केलेलें जपानी भाषांतर १९०९ सालीं प्रसिद्ध झालें. तरीही अनुयायी इतके थोडे मिळाले कीं १९२४ सालीं तेथील काम बंद करावें लागलें. तें पुन्हां सुरू झालें १९४८ सालीं.

त्या तरुणानें किती लोकांस आपल्या पंथांत आणलें, याचा हिशेब पंथ ठेवील. परंतु शंभर वेळां नकार ऐकूनही एकशें एकाव्या माणसाशीं तितक्याच सौजन्यानें बोलणें ही विद्या त्याला कोणत्याही विद्यालयांत मिळाली नसती. दोन वर्षांनीं तो घरीं परततो, तेव्हां बिल्ला उतरविला जातो. बिल्ल्यावरील त्या पदवीचा थोडासा अर्थ तोंवर त्याच्या अंगीं आला असेल, तर ते आठवडे व्यर्थ गेले असें म्हणतां येणार नाहीं.